मदत हवी आहे: मुतखडा आणि बाळंतकळा, दोन्ही सोसलेल्या कोणी आहात का?

मैत्रिणींनो, माझ्या बहिणीच्या मूत्रनलिकेत ६ मिमीचा मुतखडा अडकलाय. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झालेली, तरी म्हणते, ‘यापेक्षा बाळंतकळा परवडल्या.’ त्यांत मध्ये उसंत तरी मिळायची, शेवटी बाळ हातात यायचं. इथे कमरेतून जांघेपर्यंत कळ जाते, ओकाऱ्या होतात, कुठल्याच कुशीवर पडवत नाही. आणि घरात ऐकावं लागतं, ‘खडाच तर आहे!’ फार राग येतो मला.

डॉक्टरांनी वेदनाशामक आणि नलिका सैल करणारी गोळी दिलीय. एवढा खडा आपोआप पडेलच असं नाही, थंडी-ताप आला तर लगेच या, म्हणाले.

तुम्हाला कळ आल्यावर कशाने बरं वाटलं? शेकाने? खडा किती दिवसांत पडला, की दुर्बिणीने काढावा लागला? रात्री तिच्याजवळ मीच असते.