ताम्हिणीसाठी हलकी केमन की दणकट मस्टँग?

कोथरूडकर

बारावीत असताना माझ्या खोलीच्या दारामागे मस्टँगचं पोस्टर होतं. आता पंचेचाळिशी आली, घराचं कर्ज फिटलं आणि बायकोच म्हणाली, "एकदाची घे ती गाडी." म्हणून हा धागा.

बजेटमध्ये दोन वापरलेल्या गाड्या बसतायत. एक 2017ची फोर्ड मस्टँग जीटी, सगळे जिला मसल कार म्हणतात: पाच लिटरचं व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, 401 पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), 515 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर), वजन सुमारे पावणेदोन टन. दुसरी पोर्श 718 केमन: दोन लिटर टर्बो, चारच सिलिंडर, 300 पीएस, 380 न्यूटन मीटर, वजन साडेतेराशे किलोच्या आसपास. टनामागे हिशोब केला तर मस्टँगला साधारण 229 पीएस येतात आणि केमनला 220. म्हणजे सरळ रस्त्यावर दोघींत फारसा फरक उरतच नाही.

फरक वळणावर आहे. केमनचं इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलंय. सगळं जड सामान गाडीच्या मध्याजवळ असल्यामुळे स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते. गेल्या महिन्यात मला ती मुळशी ते ताम्हिणी चालवायला मिळाली आणि तलावाकाठच्या त्या वळणांवर मला माझी गाडी सापडल्यासारखं वाटलं. आपल्याला चाळीस-पन्नास मिनिटांवर असे घाट मिळालेत, तर पुण्यात राहणाऱ्याने हलकीच गाडी घ्यावी असं माझं मत झालंय. पण पोस्टर काही डोक्यातून जात नाही. मत खोडून काढायचं असेल तर खुशाल काढा.

आठ सिलिंडर

खोडतो.

तुम्ही रविवारचा घाट धरून गाडी निवडताय. बाकी सहा दिवस काय? कर्वे रस्त्यावर, चांदणी चौकात, बाणेरला सिग्नलवर तुमचा वेग वीस-तीस असणार. तिथे केमनचं ते मध्यावरचं इंजिन तुम्हाला काहीही देणार नाही. व्ही-एट मात्र वीसच्या वेगालाही व्ही-एटच असतं. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, रचनाच अशी आहे की एकेका बाजूच्या चार सिलिंडरमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत, आणि त्यातून ती गुरगुर येते. पार्किंगमधून गाडी बाहेर काढतानासुद्धा अंगावर काटा येतो. 718मध्ये पोर्शने आधीच्या केमनचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं बसवलं, तेव्हा आवाज गेला म्हणून पोर्शचेच चाहते हळहळले होते.

दुसरं म्हणजे, चपळ गाडीची खरी कसोटी ज्या वेगाला लागते तो वेग सार्वजनिक रस्त्यावर गाठूच नये. समोरून लाल डबा येतो, वळणापलीकडे म्हशी बसलेल्या असतात. मग त्या चपळाईचे पैसे कशासाठी मोजायचे?

घाटवेडा

शेवटचा मुद्दा नेमका उलटा आहे, आठ सिलिंडर.

हलक्या गाडीची मजा चाळीस-पन्नासच्या वेगालाच सुरू होते, म्हणून तर ती आपल्या घाटांसाठी योग्य. जड आणि ताकदवान गाडीत पन्नासला काही घडल्यासारखंच वाटत नाही. मग माणूस नकळत ऐंशी गाठतो आणि वळण आल्यावर भानावर येतो. मी हे स्वतः केलंय. व्ही-एट नव्हती, जड एसयूव्ही होती. वरंध्याच्या एका वळणावर गाडी पांढरी पट्टी ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये गेली. समोरून कोणी आलं नाही म्हणून आज हे लिहितोय.

ताम्हिणीहून विळ्याकडे उतरताना विचार करा. एकाच वेगाला मस्टँगच्या ब्रेकना केमनच्या सव्वापटीहून जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, कारण वजनच तेवढ्या पटीत जास्त आहे. त्यात वेग पन्नासचा साठ केला की ती ऊर्जा आणखी 44 टक्क्यांनी वाढते. दहा वळणं सलग ब्रेक मारत उतरल्यावर पेडल मऊ लागायला लागतं आणि पोटात गोळा येतो. टायरचंही तसंच. भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. जड गाडीला रुंद टायर घालून हे काही अंशी भरून काढता येतं, पूर्ण नाही.

आणि पावसाळा? जुलैत ताम्हिणीत धुकं, कडेला शेवाळ, रस्त्यावर वाहतं पाणी. अशा रस्त्यावर मागच्या दोन चाकांवर 515 न्यूटन मीटर सोडायचे म्हणजे उजवा पाय फार जपून वापरावा लागतो. केमनलाही मागचीच चाकं ओढतात, मान्य. पण तिचं इंजिनच त्या चाकांच्या जवळ असल्यामुळे त्यांच्यावर वजन असतं.

निगडीकर

एक दुरुस्ती. मस्टँग काटेकोरपणे मसल कार नाही, तिला पोनी कार म्हणतात, म्हणजे त्याहून आटोपशीर स्पोर्टी गाडी. मसल कारची सुरुवात बहुतेक जण 1964च्या पाँटिअॅक जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं इंजिन बसवलं होतं. मस्टँगही त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली. अमेरिकेचे रस्ते सरळ, रुंद, पेट्रोल स्वस्त. तिथे सिग्नल सुटल्यावर कोण पुढे जातं यालाच महत्त्व. इंग्लंडमध्ये अरुंद, वळणावळणाचे गावरस्ते, म्हणून तिथे छोट्या, दोन सीटच्या उघड्या रोडस्टर आल्या आणि लोटस या गाड्यांच्या कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी वजन उतरवण्याचा ध्यास घेतला. गाडी तिच्या गावच्या रस्त्यांवर वाढते. भोर, मुळशी, पसरणीचे रस्ते यातल्या कुठल्या देशासारखे आहेत ते तुम्हीच बघा.

पण घाटवेडा, 2015पासूनच्या मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात. पूर्वीसारखा सरसकट अखंड अॅक्सल नाही. ती वळतच नाही ही जुनी समजूत आहे.

गॅरेज हडपसर

तुम्ही सगळे घाटात पोचलात, पण सोसायटीच्या गेटमधला गतिरोधक कोणी मोजला का? मस्टँगच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2720 मिलिमीटर, केमनचं 2475. लांब गाडीचं पोट उंचवट्यावर आधी टेकतं. आपल्याकडे गतिरोधक कुठल्याही मापाचे असतात, त्यामुळे हे साडेचोवीस सेंटिमीटर रोज जाणवतात. रुंदीही बघा. मस्टँग 1916 मिलिमीटर, केमन 1801. पेठेतल्या गल्लीत समोरून टेम्पो आला की साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे आरसा वाचणं किंवा तुटणं.

सुट्या भागांचं दोन्हीकडे सारखंच. दोन्ही गाड्या पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेल्या, त्यामुळे थांबायची तयारी ठेवा. फोर्डने 2021मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, हेही लक्षात असू द्या. माझ्याकडे एक बाहेरून आलेली गाडी एका हेडलाइटसाठी चार महिने उभी होती. मालक दर शनिवारी येऊन नुसता तिच्यात बसायचा.

सहकारनगर

मी दोन मुलींची आई आहे आणि मला यातलं एकही मत पटलेलं नाही. केमनला दोनच सीट आहेत, हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मस्टँगची मागची सीट मोठ्या माणसाला अडचणीची आहे, पण दहा वर्षांची मुलगी तिथे बसून महाबळेश्वरला जाऊ शकते. माझे वडील आम्हा तिघा भावंडांना फियाटमध्ये कोंबून कात्रजच्या जुन्या घाटातून साताऱ्याला न्यायचे. ती गाडी वळायची कशी ते मला माहीत नाही. खिडकीतून वारा कसा यायचा ते माहीत आहे. कोथरूडकर, घरात मुलं असतील तर दोन सीटच्या गाडीत तुम्ही दर रविवारी कोणाला तरी घरी ठेवून निघणार आहात.

घाटवेडा

सहकारनगर, याला माझ्याकडे उत्तर नाही. निगडीकर, सस्पेन्शनची दुरुस्ती मान्य. वजन मात्र सस्पेन्शनने कमी होत नाही.

कोथरूडकर

सगळं दोनदा वाचलं. एक मुलगा आहे, सध्या पुण्याबाहेर शिकतो, त्यामुळे मागच्या सीटचा प्रश्न मला दहा वर्षं उशिरा विचारला गेला. तेव्हा विचारला असता तर मी मस्टँगच घेतली असती.

काल मस्टँगही चालवून आलो, लवासाच्या रस्त्यावर, मालकाला शेजारी बसवून. आवाजाबद्दल आठ सिलिंडर म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. टेमघरच्या चढावर खिडकी खाली केली आणि डोळ्यांत पाणी आलं. पण वळणं सुरू झाल्यावर मी पुढच्या सरळ तुकड्याची वाट बघायला लागलो. केमनमध्ये सरळ तुकडा आला की मी पुढच्या वळणाची वाट बघत होतो. मला वळणं जास्त आवडतात, एवढं काल कळलं. केमन घेतोय. मंगळवारी कागदपत्रं बघायला जायचंय.

आठ सिलिंडर

मी अजूनही म्हणतो की सिग्नलला उभं असताना तुम्हाला त्या आवाजाची आठवण येणार.

पण घेताच आहात तर नुसती कागदपत्रं बघून परत येऊ नका. पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांत टॉर्च मारा. रेडिएटर त्यांच्या मागे असतात आणि तिथे पालापाचोळा, धूळ साचून राहते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चालवलेल्या गाडीची नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं, आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. इंजिन वरून दिसणार नाही, त्यामुळे लिफ्टवर घेऊन खालून बघा. मंगळवारी सकाळी मी मोकळा आहे, हवं असेल तर येतो.