आईचा रकाना रिकामाच

दादा: बाबांच्या पेन्शनचा हिशोब ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर केलाय, स्क्रीनशॉट टाकतोय. 60 लाच सुरू करावी. 65 पर्यंत थांबण्यात फायदा दिसत नाही.

ताई: अरे, मी कालच त्याच कॅल्क्युलेटरवर केलं. मला थांबलेलं बरं असं आलं. हा बघ माझा.

दादा: साइट तीच, जन्मतारीख तीच, पगार तोच. मग?

काका: मग कुणीतरी काहीतरी वेगळं भरलंय.

मी: स्क्रीनशॉटवर फक्त उत्तर आहे. तुम्ही काय भरलंत ते वर राहिलं. खाली 'हा हिशोब शेअर करा' असं बटण आहे, त्यातून येणारी लिंक टाका दोघं. उघडली की तुम्ही भरलेला फॉर्म जसाच्या तसा समोर येतो.

दादा: टाकली.

ताई: माझीही.

मी: आता लिंक उघडायच्या आधी नुसती वाचा. प्रश्नचिन्हाच्या पुढे जे लांबलचक शेपूट आहे त्यात एकेक रकाना आणि त्याचा आकडा आहे, मध्ये 'अँड'चं चिन्ह (&). दादाच्या लिंकमध्ये आयुर्मान 75 आहे, ताईच्या 90. बाकी सगळं सारखं. म्हणजे तुमचा वाद पेन्शनचा नाही, बाबा किती जगणार याचा आहे.

दादा: मी 75 भरलंच नाही! ते आधीपासून होतं तिथे.

मी: तेच. साइटने धरलेला आकडा तू तसाच राहू दिलास. निदान या साइटने तो लिंकमध्ये लिहिला म्हणून कळलं. काही कॅल्क्युलेटर आपण न बदललेले आकडे लिंकमध्ये घालतच नाहीत. पुढे साइटने तो आकडा बदलला की तीच जुनी लिंक वेगळं उत्तर दाखवते. म्हणून लिंकसोबत आजची तारीख आणि आलेलं उत्तर लिहून ठेवायचं.

काका: छान आहे हे. मी आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकतो दोन्ही लिंक. तिथे जाणकार आहेत, विचारून घेऊ.

मी: काका, नका टाकू! त्या शेपटात बाबांची पूर्ण जन्मतारीख आणि पगार आहे, कुणालाही वाचता येईल असा.

काका: ती तर नुसती लिंक आहे ना गं?

मी: लिंकच पत्र आहे काका, पाकीट नाही. प्रश्नचिन्हानंतरचं सगळं त्या साइटच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथल्या नोंदींमध्ये राहू शकतं. काही साइट प्रश्नचिन्हाऐवजी हॅशच्या (#) चिन्हानंतर आकडे ठेवतात. तो भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही, त्यामुळे ते जरा बरं. तरी ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो दिसतोच. जो उघडेल त्याच्या ब्राउझरच्या हिस्टरीतही राहतो. नंतर इथला मेसेज डिलीट केला तरी तिथून जात नाही.

वहिनी: मग लिंक छोटी करून पाठवली तर? म्हणजे आत काय आहे ते दिसणार नाही.

मी: वहिनी, छोटी लिंक उघडली की मोठीच समोर येते. वर ती छोटी करून देणाऱ्या साइटकडेही सगळं जातं, हॅशनंतरचंसुद्धा. बाहेर पाठवायचीच असेल तर नाव काढा, जन्मतारखेतला दिवस 1 करा, पगार 60 ची पेन्शन 100 येईल असा धरा. निर्णय टक्क्यांवर होतो, खरा आकडा लागत नाही.

काका: बरं, थांबतो. पण मला सांग, खरं कोण? 75 की 90?

मी: 100 धरूनच सांगते. 60 ला सुरू केली तर महिन्याला 100. बाबांच्या योजनेत थांबलेल्या दर वर्षाला 60 च्या रकमेच्या 8 टक्के जास्त मिळतात, म्हणजे 65 ला 140. आधी सुरू केली तर 65 येईपर्यंत 60 महिन्यांचे 6000 हातात पडलेले असतात. थांबलेल्याला पुढे दरमहा 40 जास्त. 6000 भरून निघायला 150 महिने, साडेबारा वर्षं. म्हणजे साडेसत्त्याहत्तरी. त्याच्या अलीकडे दादा बरोबर, पलीकडे ताई.

काका: आधी मिळालेले पैसे गुंतवले तर?

मी: परतावा महागाईहून जास्त मिळाला तर ती साडेसत्त्याहत्तरी आणखी पुढे जाते. बाबांची पेन्शन महागाईप्रमाणे वाढते म्हणून मी आजच्या किमतीत मोजलं. तुमच्यासारखी न वाढणारी असेल तर हे गणित चालणार नाही. 6 टक्के महागाई धरली तर ठरलेल्या रकमेची किंमत साधारण 12 वर्षांत निम्मी होते.

काका: ते मी अनुभवतोय.

दादा: म्हणजे शेवटी नशिबावरच. मग आधी घेतलेली काय वाईट?

मी: दादा, तुमच्या दोघांच्या लिंकमध्ये अजून एक गोष्ट सारखी आहे. शेवटून तिसरा रकाना बघा. 'जोडीदार', पुढे बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे काहीच नाही.

ताई: अगं बाई.

मी: बाबांच्या योजनेत त्यांच्यानंतर आईला 60 टक्के मिळतात, बाबा तेव्हा जी रक्कम घेत असतील तिच्या. आधी सुरू केली असेल तर 60, थांबले असतील तर 84. तुम्ही दोघांनीही हिशोब बाबांपाशीच संपवला.

दादाचे 75 च धरू या. बाबा, हे इथे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहिते. 75 पर्यंत आधी सुरू करणाऱ्याला 18000 मिळतात, थांबणाऱ्याला 16800. दादा 1200 नी पुढे. पण तिथून आईच्या हातात दरमहा 24 चा फरक पडतो, आणि ते 1200 फक्त 50 महिन्यांत भरून निघतात. आई बाबांहून 6 वर्षांनी लहान. तेव्हा ती 69 ची असेल. ती 73 च्या पुढे जगली की थांबणंच फायद्याचं, दादाच्या स्वतःच्या आकड्यावरसुद्धा.

दादा: मी तो रकाना ऐच्छिक समजून सोडून दिला.

वहिनी: तिथे तसंच लिहिलंय, मी आता बघितलं.

बाबा: सगळं वाचतोय मी. लिहायला संकोच करू नका, हे बोलायलाच हवं होतं. माझ्याही मनात फक्त माझंच गणित होतं.

मी: बाबा, नवी लिंक करते. जुन्या लिंकमध्येच आकडे बदलले तरी चालतात, फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही. ही घ्या.

ताई: तुझी लिंक अर्धीच निळी दिसतेय. उघडली तर पुन्हा रिकामा रकाना.

मी: घाईत हाताने नाव घातलं 'आई बाबा', मध्ये जागा सुटली, तिथेच लिंक तुटली. थांब, नीट करून देते.

ताई: आता एवढी लांब का झाली?

मी: लिंक पाठवताना देवनागरीचं रूपांतर होतं. 'आ'ची नऊ चिन्हं, 'ई'ची नऊ. 'आई' लिहिलं की अठरा. नावाऐवजी 1 आणि 2 करते, तेच बरं.

आई: मला यातलं फारसं कळत नाही. माझ्या रकान्यात काय भरायचं ते विचारा, मी सांगते.

मी: तुझं वय आणि आयुर्मान, आई.

आई: वय 54. आयुर्मानात 90 घाल. माझी आई 91 ला गेली.

दादा: आई, मला माफ कर, मी विचारायला हवं होतं.

आई: आता विचारलंत ना.

बाबा: 65 पर्यंत थांबायचं तर मधली पाच वर्षं घर कशावर चालणार, ते या कॅल्क्युलेटरमध्ये कुठे आहे?

मी: कुठेच नाही, बाबा. तो हिशोब आपल्यालाच करावा लागेल. साठवलेल्यातून किती वर्षं निघतील त्यावर आहे.

बाबा: दोन वर्षं निघतील, त्याहून जास्त ओढाताण होईल. 62 घालून एक लिंक कर. आईचा रकाना भरलेला ठेव.

मी: 62 ला तुम्हाला 116, आईला 69.60. लिंक टाकतेय, पगार 60 ची पेन्शन 100 येईल असाच ठेवलाय. दादा, ताई, दोघं उघडून बघा, तुम्हाला दोघांना तेच दिसतंय का?

ताई: मला 116.

दादा: मलाही. जोडीदार 54, आयुर्मान 90. भरलेलं आहे.