अनुभव धागा: विमानतळावर तुमच्या बॅगेतून काय काय निघालं?

मधुमालती
काल भाचीची बॅग भरत होतो. ती म्हणाली, "मावशी, पॉवरबँक मोठ्या बॅगेत टाकू ना?" आणि मला एकदम आईची कात्री आठवली.

दोरा कापायची बोटभर कात्री, मुठीवरचा रंग वापरून वापरून गेलेला. आईला प्रवासात हातात भरतकाम लागतंच. जाताना सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी पट्टी आणली, पातं मोजलं, सहा सेंटीमीटरच्या आत भरलं म्हणून हसून परत दिली. येताना विमानतळ दुसरा, कात्री तीच, आणि उत्तर "नाही चालणार". मोठी बॅग तोवर पट्ट्यावरून आत गेलेली. आईने वाद घातला नाही. पर्समधून रुमाल काढला, कात्री त्यात नीट गुंडाळली आणि मगच काढून घेतलेल्या वस्तूंच्या पेटीत ठेवली. जो कोणी ती पेटी उपसेल त्याच्या हाताला लागू नये म्हणून.

मला मात्र प्रचंड राग आला होता. त्या रागातूनच हे नियम वाचायला लागले. बऱ्याच देशांत पात्याची मर्यादा ६ सेंमी आहे, अमेरिकेत कात्रीला सांध्यापासून ४ इंच. आणि सगळीकडे शेवटचा शब्द तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा. तुमचं काय गेलं, काय वाचलं ते लिहा. राग आला असेल तर तोही लिहा.

धूमकेतू
रुमालाचं वाचून गलबललं. आई अजून करतात का भरतकाम?

मधुमालती
करते की! चष्म्याचा नंबर वाढलाय, पण सुई सुटलेली नाही. प्रवासात आता नेलकटरने दोरा कापते. ते बहुतेक ठिकाणी जाऊ देतात.

तळमजला
बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे जरा लांब लिहितो.

भाचीला सांगा, पॉवरबँक मोठ्या बॅगेत अजिबात नाही. कुठल्याच देशात नाही. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच्याच उष्णतेने पेटत जाते. खालच्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली उष्णता त्याला आवरत नाही. एक सेल शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. वर केबिनमध्ये हेच झालं तर कोणाला तरी धूर दिसतो, कर्मचारी धावतात, पाणी ओतून ती वस्तू थंड करतात. माणसाचा हात पोचेल अशा जागी ठेवा, एवढंच त्या नियमाचं म्हणणं.

बॅटरीची क्षमता १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमानकंपनीला आधी विचारायचं, आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच. त्यावर नाहीच. पॉवरबँकवर एमएएच लिहिलेलं असतं. त्याला ३.७ ने गुणा, हजाराने भागा. २०,००० वाली ७४ वॉट-अवर होते. आकडा पुसला गेला असेल तर काउंटरवरचा माणूस काही करू शकत नाही, त्याच्यावर चिडू नका.

काउंटरवर "बॅगेत धोकादायक काही आहे का" विचारलं की निम्मे लोक फोनवर बोलता बोलताच मान हलवतात. मला त्या प्रत्येक वेळी व्हॅल्यूजेट ५९२ हे विमान आठवायचं. मे १९९६, फ्लोरिडा. सामानकक्षात मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते, सुरक्षा टोप्या न लावलेले, आणि कागदावर ते 'रिकामे' म्हणून लिहिलेले. त्यांनी आग लागली, विमान कोसळलं, ११० माणसं गेली. ते प्रवाशांचं सामान नव्हतं, मान्य. पण खाली नेमकं काय आहे हे खरं सांगितलं जाणं किती मोलाचं असतं ते त्यावरून कळतं.

गुलबक्षी
+१ तळमजला. बसमध्ये आहे, थोडक्यात लिहिते. हातातल्या बॅगेत द्रवाची बाटली शंभर मिलीपेक्षा मोठी बहुतेक ठिकाणी चालत नाही. आमची १५० मिलीची, तळाला दोन बोटं शांपू. भाऊ हट्टाला पेटला की यात शंभर मिली पण नाही. अधिकारी शांतपणे म्हणाले, "बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा." बाटलीचं माप बघतात, आतल्या शांपूचं नाही. भाऊ अजून तो शांपू विसरलेला नाही 😀

रानवारा
हो, आणि हे सगळं २००६ मधलं. ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं न्यायचा कट उघडकीला आला, आणि नोव्हेंबरपासून युरोपात १०० मिली आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी सुरू झाली. आता नवी सीटी स्कॅनर यंत्रं आलीत, त्यामुळे काही विमानतळांवर सवलत आहे, काहींवर नाही. जाताना चाललं म्हणजे येताना चालेलच असं नाही. मधुमालतीताईंच्या आईंचं झालं तसंच.

पाऊलवाट
माझा अनुभव चांगला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मुलगी पाच महिन्यांची होती, मला कामासाठी जावं लागलं. परतताना काढून ठेवलेलं दूध बरोबर होतं, काही गोठलेलं, काही पातळ. पोटात गोळा. त्या बाईंनी बाटली उघडली नाही, झाकणाजवळ चाचणीची पट्टी धरली, यंत्रात घातली आणि "झालं, बंद करा" म्हणाल्या. बाळाच्या दुधाला शंभर मिलीचा नियम लागत नाही, हे बऱ्याच आयांना माहीत नसतं आणि त्या घाबरून ओतून देतात. ओतू नका गं. ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा आणि रांगेत पोचताच आधी सांगा.

धूमकेतू
हे बायकोला वाचून दाखवलं. तिने खरंच ओतून दिलं होतं, आणि पुढच्या विमानात रडत बसली होती. कोणी सांगितलंच नाही.

पाऊलवाट
अरे देवा. त्यांना माझ्याकडून सांगा, त्यांची काहीच चूक नव्हती.

सांजवेळ
विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. बाबांच्या अस्थी घेऊन विमानाने गेलो होतो. कलश धातूचा घ्यायचा होता, पण तिथल्या माणसाने सांगितलं की एक्स-रे धातूच्या आरपार बघू शकत नाही. आत काय आहे ते दिसलं नाही तर पुढे जाऊ देत नाहीत, आणि आपल्यालाही तो तिथे उघडलेला नको असतो. म्हणून लाकडी घेतला. दहनाचा दाखला वरच्या खिशात ठेवला. पट्ट्यावरून डबा आत गेला, यंत्रावरच्या मुलाने पडद्यावर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ट्रे स्वतः उचलून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. बाकी ट्रे तो नुसते ढकलत होता.

मधुमालती
सांजवेळ, विषयाला धरूनच आहे. लिहिलंत ते फार बरं केलंत.

तळमजला
🙏

प्रयोगवही
विज्ञान शिकवते, म्हणून एक राहवत नाही. लोक विचारतात, तापमापीतल्या थेंबभर पाऱ्याने विमानाचं काय बिघडणार? विमानाच्या अंगात ॲल्युमिनियम भरपूर. त्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं कवच. पारा एखाद्या ओरखड्यातून आत गेला की ते कवच परत धरतच नाही. पूर्वी प्रयोगशाळेत मुलांना दाखवत असू, काचेआडून: घासलेल्या ॲल्युमिनियमवर पाऱ्याचा थेंब, आणि थोड्या वेळात तिथून पांढरे तंतू वर येताना दिसायचे, बघता बघता वाढणारे. मुलं श्वास रोखून बघायची. वैद्यकीय पारा-तापमापी एकच, संरक्षक डबीत घालून, तीही मोठ्या बॅगेत, एवढीच साधारण मुभा असते. डिजिटल घ्या आणि मोकळे व्हा.

गुलबक्षी
बाई, तुम्ही आम्हाला शिकवायला हव्या होत्या!

लोकरगुंडा
मला एकच हवंय, विणायच्या सुया नेता येतात का? लांब प्रवास आहे, स्वेटर अर्धा राहिलाय.

मधुमालती
बऱ्याच ठिकाणी नेऊ देतात, पण तपासणारा नाही म्हणाला तर अर्धा स्वेटर सुयांवरून उतरवून द्यावा लागेल. बांबूच्या गोल सुया न्या. आणि टाक्यांतून आधीच एक जाड दोरा ओवून ठेवा, सुया गेल्या तरी टाके सुटणार नाहीत.

लोकरगुंडा
दोऱ्याची युक्ती 😍 हे डोक्यात आलंच नसतं! कुठली लोकर वापरता तुम्ही?

मधुमालती
मी नाही हो, हे आईचं ज्ञान. विचारून सांगते.

चाकोरी
ताईची व्हीलचेअर बॅटरीवर चालते. आरक्षणाच्या वेळीच बॅटरीचा प्रकार, वॉट-अवर, ती निघते की नाही, सगळं लिहून कळवलं होतं. तरी दारापाशी एका कर्मचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि तो ताईशी न बोलता माझ्याशी बोलत होता, जणू ती तिथे नाहीच. ताईने पर्समधून उत्पादकाचा कागद काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "खुर्ची माझी आहे, मला विचारा." नियम बरोबरच आहेत, बॅटरी सुरक्षित बांधली गेलीच पाहिजे, तिलाही तेच हवं असतं. पण जिचे पाय आपण काढून घेतोय तिच्याशी बोला की जरा.

पाऊलवाट
ताईंना सलाम.

रानवारा
इन्सुलिनवाल्यांसाठी एक. ते कधीही मोठ्या बॅगेत नको. सामानकक्षात थंडीने गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नाही. शिवाय बॅग दुसऱ्याच शहरात गेली तर? औषध, सुया, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं हातातल्या बॅगेत. औषधालाही १०० मिलीची अट नाही, फक्त दाखवावं लागतं.

कडेकपारी
आमच्या गटातल्या एकाचा डोंगरात न्यायचा स्टोव्ह काढून घेतला होता. टाकी रिकामी होती, पण वास येत होता. बिचारा सांगत होता की इंधन नाही. पण पेट घेते ती वाफ, आणि वास आहे म्हणजे वाफ आहे. आता नवीन न वापरलेलाच नेतो आणि इंधन पोचल्यावर विकत घेतो.

बरं तळमजला दादा, उद्या पहाटे निघतोय. ड्रोनच्या सुट्या बॅटऱ्या?

तळमजला
सगळ्या हातातल्या बॅगेत. प्रत्येकीची टोकं टेपने झाका किंवा वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. किल्ल्या, नाणी यांच्याजवळ नकोत. आणि आपल्या विमानकंपनीचं पान आज रात्री बघून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये बुसानजवळच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एका विमानाला आग लागली. सगळे १७६ जण बाहेर पडले, पण संशय पॉवरबँकवर होता. तेव्हापासून कोरियात पॉवरबँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, आणि काही कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत. ड्रोनला त्या त्या देशाची परवानगी हा वेगळा विषय, तोही बघा.

कडेकपारी
परवानगी आहे. टेप शोधतोय. वायरिंगची काळी चालेल ना?

तळमजला
चालेल. टोकं पूर्ण झाकली गेली पाहिजेत.