अनुभव धागा : निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीपर्यंत

बेघर कुटुंबांना हक्काच्या दारापर्यंत पोचवताना कुठे अडलं, काय जमलं? हातभार लावलेल्यांनी लिहा, स्वतः त्यातून गेलेल्यांनी तर जरूर.

माहीमकर : डिपॉझिट देणगीतून उभं राहतं. घोडं अडतं ते घरमालकाशी. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, म्हणजे कागदपत्रं आली. त्यात "सध्या कुठे राहता?" याला "निवाऱ्यात" म्हटलं की खोली कालच गेलेली असते! आता आम्ही बाई जिथे घरकाम करते तिथल्या मॅडमना फोन करायला लावतो. त्यांच्या दोन वाक्यांनी होतं ते संस्थेच्या लेटरहेडनं होत नाही. चीड येते, पण खोली मिळते.

सुलभा_पुणे : नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको-मुलं दुसरीकडे. म्हणून कित्येक जोडपी पुलाखालीच राहतात. कुटुंबांसाठीचे निवारे आहेतच किती?

बॉस्टनवासी : मॅसॅच्युसेट्समध्ये बेघर कुटुंबांना निवारा देण्याचा कायदा १९८३चा. पुढचा टप्पा सेक्शन ८ व्हाउचरचा : उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं कुटुंबानं भरायचं, बाकीचं बरंचसं सरकार भरतं. पण मुदतीत घर शोधायचं, ते तपासणीत पास व्हायचं. व्हाउचर आहे म्हणून नाकारणं इथे बेकायदा, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही, फक्त उलट फोन येत नाही. मी शनिवारी गाडी घेऊन घरं दाखवायला नेतो, बाकी काही नाही.

नंदा : मी स्वतः निवाऱ्यात राहिलेय. खोली मिळाली विरारला. मिस्टरांचा मजूर नाका सायनला. पहाटेची लोकल चुकली की त्या दिवसाची रोजी गेली. भाडं मात्र पाच तारखेला, एकरकमी. तिसऱ्या महिन्यात परत फुटपाथवर यायची वेळ आली होती. ताईंनी रोज संध्याकाळी पन्नास-शंभर जमा करायची वही काढून दिली, त्यावर तरलो. पोराची शाळा बदलली ती वेगळीच कटकट. खोली देणाऱ्यांनी आधी नाका कुठला ते विचारा.

माहीमकर : नंदाताई, अगदी. हल्ली आम्ही नाका धरूनच शोधतो. आत्ता ठाण्याच्या नाक्यावरचं पाच जणांचं कुटुंब आहे, मुलं तिथल्याच शाळेत. कळवा-दिव्याकडे तळमजल्याची खोली कुणाच्या माहितीत? आजींना जिना चढवत नाही.