मॅन्युअलमधून उपसलेले स्निपेट: सोय की खोड?

वाळपईकर
पावसात आमच्याकडे वीज गेली की नेटही गेलंच समजा. गेल्या आठवड्यात अशाच दोन संध्याकाळी बसून एक उद्योग केला. पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेचं अख्खं मॅन्युअल एका एचटीएमएल फाइलीत उतरवून घेता येतं, ते लॅपटॉपवर होतंच. छोट्या पायथन स्क्रिप्टने प्रत्येक फंक्शनची पहिली ओळ उचलली आणि व्हीएस कोड या एडिटरसाठी स्निपेट, म्हणजे आपोआप भरले जाणारे कोडचे तयार तुकडे, पाडले. नाव टाइप करा, टॅब मारा, पॅरामीटर क्रमाने हजर. इन_अ‍ॅरेमध्ये नीडल (जे शोधायचं ते) आधी आणि स्ट्रपॉसमध्ये हेस्टॅक (ज्यात शोधायचं ते) आधी, हे इतकी वर्षं पीएचपी लिहूनही माझ्या डोक्यात राहत नाही. एकेक स्निपेट हाताने लिहीत बसणाऱ्यांना काय सुख मिळतं?

फर्मागुडी_पासआउट
भाऊ, त्या यादीत क्रिएट_फंक्शन आहे का बघ. २०२० साली पीएचपी ८ मधून ते काढलं, पण मॅन्युअलात पान आहे, वर इशाऱ्याची चौकट. ती चौकट तुझ्या स्क्रिप्टला थोडीच दिसते! आणि हे काम लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड वाचून एडिटरला नावं-पॅरामीटर सुचवणारा प्रोग्राम, करतो की. एडिटरने त्याच्याशी कसं बोलायचं, याचा प्रोटोकॉल २०१६ पासून आहे. सर्व्हर तुझ्याच मशीनवर चालतो, त्याला नेट लागत नाही, आणि तुझी स्वतःची फंक्शनंही त्याला ठाऊक असतात. मॅन्युअलला ती कुठून माहीत असणार?

वाळपईकर
क्रिएट_फंक्शन आहे. सापडलास तू. पण चार जीबीच्या या डब्यावर सर्व्हर सुरू केला की पंखा गिरणीसारखा घरघरतो.

डिचोलीची_बाय
एक विचारू? डॉलर गळले का हो तुमचे?

वाळपईकर
गळले ना बाय! दीड तास गेला त्यात. पीएचपीत व्हेरिएबलच्या नावाआधी डॉलर लागतो, पण स्निपेटमध्ये डॉलरचं चिन्ह म्हणजे एडिटरचा स्वतःचा व्हेरिएबल. डॉलर-नीडल असं नाव त्याला ओळखता आलं नाही, म्हणून नुसतं नीडल उरलं. पीएचपी ८ ने ते कॉन्स्टंट (ठरलेल्या किमतीचं नाव) समजून एरर फेकला. शेवटी प्रत्येक डॉलरआधी उलटी तिरकी रेघ घातली. स्निपेट ज्या जेसन फाइलीत राहतात तिच्यात ती रेघही दुप्पट करावी लागते, हे कळायला आणखी अर्धा तास.

फोंड्याचा_मास्तर
मी शिकवतो, म्हणून माझी भीती वेगळी. ऐच्छिक पॅरामीटरची डिफॉल्ट (आपण काही दिलं नाही तर लागू होणारी) किंमतही तुमचा स्निपेट भरतो का? भरत असेल तर घात आहे. एचटीएमएलस्पेशलचार्स घ्या, वेबपानावर छापायच्या मजकुरातली धोक्याची चिन्हं बदलून निरुपद्रवी करणारं फंक्शन. पीएचपी ८.१ च्या आधी डिफॉल्टला एकेरी अवतरण चिन्ह तसंच सुटायचं, ८.१ पासून तेही बदललं जातं. जुन्या मॅन्युअलचा स्निपेट जुनं डिफॉल्ट कोडमध्ये कोरून ठेवतो. मग पीएचपी अपग्रेड केलं तरी सुरक्षेतलं भोक तसंच. पोरं टॅब मारून मोकळी, ती वाचत नाहीत. हाताने लिहिलं असतं तर ती जागा रिकामी सोडली असती आणि नवं डिफॉल्ट आपोआप लागू झालं असतं.

वाळपईकर
हे मात्र लागलं, सर. मी डिफॉल्ट भरत होतो, त्यात मला हुशारी वाटत होती. आता ऐच्छिक पॅरामीटर सगळे उडवले. आणि गेट_डिफाइंड_फंक्शन्स चालवून माझ्या पीएचपीत खरंच जी आहेत तेवढीच नावं ठेवली. क्रिएट_फंक्शन गेलं.

फर्मागुडी_पासआउट
म्हणजे आता उरलं काय? सक्तीचे पॅरामीटर आणि त्यांचा क्रम. तेवढ्यासाठी एवढी मोठी फाइल? "स्ट्र" टाइप केलं की यादी खाली लोंबणार, आणि मला हवं ते तिसऱ्या स्क्रीनवर.

डिचोलीची_बाय
प्रीफिक्स बदला. नावाआधी एखादं अक्षर लावा, म्हणजे मागितल्याशिवाय यादी उघडणार नाही. मी "झ" लावते, म्हणजे झेड हो, मराठी कीबोर्ड नव्हे.

वाळपईकर
हे आज रात्रीच करतो. वीज असली तर.

फर्मागुडी_पासआउट
करून दाखव. माझं मत बदललेलं नाही. पण फाइल पाठव.