मदत हवी आहे: मुलाला २१ पूर्ण व्हायच्या आत माझी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ होईल का?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाल्यावर एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरला, नोव्हेंबरात मुलाखत झाली, पास झाले. शपथेचं पत्र मात्र अजून नाही. आणि लेकाला ९ मार्चला २१ पूर्ण होतात.

माझं ग्रीन कार्ड दुसऱ्या लग्नातून; पती इथले नागरिक होते. अशा अर्जात बायकोबरोबर मुलं आपोआप येत नाहीत, त्यांचा आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) वेगळा भरावा लागतो. तेव्हा मुलगा सांगलीला त्याच्या वडिलांकडे होता आणि ते पाठवायला तयार नव्हते, म्हणून राहून गेलं. पुढे पती वारले. मुलगा १८ चा झाल्यावर एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर इथे कॉलेजला आला. नंतर मी त्याच्यासाठी आय-१३० भरला. तो मंजूर आहे, पण एफ२ए च्या, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या २१ खालच्या मुलांच्या रांगेत.

गेल्या वर्षी तो मनाने फार खचला. कुणाला न विचारता दोन विषय सोडले, पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणाऱ्या १२ क्रेडिटच्या खाली गेला, सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) नोंद बंद झाली. रीइन्स्टेटमेंटसाठी, म्हणजे स्टेटस परत मिळवायच्या अर्जासाठी, पाच महिने असतात. आम्हाला कळलं तेव्हा तेही उलटले होते. रागावणार तरी किती, आधीच धड जेवत नाही.

वकीलबाई म्हणतात, ग्रीन कार्डधारकाचा मुलगा म्हणून, स्टेटस गेल्यावर इथे राहून आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) होणार नाही. पण तो २१ चा व्हायच्या आत मी नागरिक झाले तर तो 'इमिजिएट रिलेटिव्ह' (नागरिकाचा जवळचा नातेवाईक, ज्याला रांग नसते) ठरतो, आणि रीतसर व्हिसावर आलेला असल्याने मधला काळ आड येत नाही. तारीख हुकली तर प्रौढ मुलांची रांग, म्हणजे वर्षानुवर्षं. (सांगलीचा भाऊ रोज फोनवर म्हणतो, "सरळ परत पाठव त्याला." पुन्हा स्टुडंट व्हिसा कोण देणार?)

आता माझा गाढवपणा. एन-४०० वर मी नावबदल मागितलाय. दोन लग्नांत दोन आडनावं झाली, म्हटलं आता माहेरचं लावू. तर नावबदल असला की शपथ कोर्टात न्यायाधीशांसमोरच होते, आणि तिथे नंबर लवकर लागत नाही म्हणे. हा नावबदल कुणी मागे घेतलाय का? आणि आय-४८५ पण ९ मार्चच्या आतच पडायला हवा का?

प्रतिसाद १
ताई, माझ्या बायकोने घेतला होता मागे. सहीचं पत्र देऊन, अर्जाचा नंबर घालून. मग साध्या समारंभाचं पत्र आलं. नाव पुढे राज्याच्या कोर्टातून बदलता येतं. सोबत काँग्रेसमनच्या (आपल्या भागाच्या इथल्या खासदाराच्या) ऑफिसला मुलाची जन्मतारीख कळवून ठेवा, ते चौकशी करतात. दुसऱ्या प्रश्नाचं: २००२ च्या सीएसपीए (अर्जदार मुलांच्या वयाला संरक्षण देणारा) कायद्यानुसार त्याचं वय तुमच्या शपथेच्या दिवशी गोठतं, म्हणजे त्या दिवशीचंच धरतात. आय-४८५ नंतर पडला तरी चालतो, फक्त तोवर त्याने लग्न करायचं नाही आणि देशाबाहेर जायचं नाही. वकीलबाईंकडून हे एकदा पक्कं करून घ्या.

धागाकर्ती
लग्नाचं नाव काढलं तर हसला, बऱ्याच दिवसांनी. पत्र आजच लिहिते. माहेरचं आडनाव थांबेल.