धर्मशिक्षणाच्या सरांबद्दल तक्रार आलीये, फादर म्हणतात आधी आपण चौकशी करू. कौन्सिलवर केस होऊ शकते का?

वसईचा सेक्रेटरी:
नमस्कार. मी वसईतल्या एका धर्मग्रामात पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे फादरांना कामात मदत करणाऱ्या मंडळाचा, सेक्रेटरी आहे, कुठलं चर्च ते प्लीज विचारू नका. रविवारी मिस्सा सुटल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी तेरा वर्षांची, धर्मशिक्षणाच्या वर्गाला येते, तर तिथले सर वर्ग सुटल्यावर तिला एकटीला थांबवतात आणि नको तिथे हात लावतात असं तिने आईला सांगितलं. मी लगेच फादरांना सांगितलं. त्यांनी सरांचा वर्ग त्याच दिवशी बंद केला, पण म्हणतात पोलिसात जायची घाई नको, तिघांची कमिटी करू, मुलीला आणि सरांना समोरासमोर बसवून विचारू, मग बिशप हाऊसला कळवू. कौन्सिलमधले निम्मे लोक म्हणतात सरांना इतकी वर्षं ओळखतो, ते असं करणारच नाहीत. आईपण आता घाबरलीये, म्हणते केस नको फक्त त्यांना काढा. आणि सरांचा भाऊ मला रोज फोन करतो की चर्चच्या फंडातून वकील द्या, ते चर्चचंच काम करत होते ना.
मला झोप नाही. मला सांगा, आम्ही नाही कळवलं तर आमच्यावर केस होते का? आणि कळवलं आणि उद्या खोटं निघालं तर सर माझ्यावर केस करतील का? चर्चच्या ट्रस्टकडे नुकसानभरपाई मागता येते का?

अॅडव्होकेट ताई:
दादा, मी क्रिमिनल साईडला आहे, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, केसेस दोन्ही बाजूंनी चालवल्यात, म्हणून स्पष्ट लिहिते. कमिटी बसवू नका. आज पोलीस स्टेशनला जा.
पॉक्सो कायदा २०१२ चा, त्याचं कलम १९ सांगतं की ज्या कुणाला असा गुन्हा झाल्याचं माहीत आहे त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच. त्यात फादर, सेक्रेटरी, शेजारी असा फरक नाही, आणि आईची परवानगी लागते असंही कुठे लिहिलेलं नाही. फादरांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं नाही, ती प्रत्येकाची स्वतःची आहे. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सर मानधन घेत नव्हते म्हणून ते आमच्या हाताखालचे नव्हतेच, असा बचाव फादरांनी धरून बसू नये, नेमणूक चर्चनेच केली होती. आपल्याच राज्यातली केस बघा, चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या होस्टेलमधल्या आदिवासी मुलींचं प्रकरण, तिथे डॉक्टरांनी कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने तो रद्द केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत उभा केला, म्हणाले माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.
खोटं निघालं तर काय, हे सगळेच विचारतात. तुम्हाला खरंखोटं ठरवायचंच नाहीये, तुमच्या कानावर काय आलं ते सांगायचं आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. शिक्षा होते ती मुद्दाम, छळायला किंवा बदनामी करायला खोटी तक्रार करणाऱ्याला.
अजून एक, धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा स्टाफमधल्या माणसाने त्याच संस्थेत मुलावर असा अत्याचार केला तर कायदा तो जास्त गंभीर धरतो. तुम्ही सांगताय तसं असेल तर पाच ते सात वर्षं. म्हणून "आपसात मिटवू" हा शब्दच डोक्यातून काढा. राजस्थानात एका शिक्षकाच्या केसमध्ये घरच्यांनी तडजोड केली म्हणून हायकोर्टाने एफआयआर रद्द केला होता, तो आदेश सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फिरवला.
पैशाचं म्हणाल तर आत्ता मुलीला भरपाई स्पेशल कोर्ट देऊ शकतं, अंतरिमसुद्धा, आणि ती सरकारकडून मिळते. पण ट्रस्टने निष्काळजीपणा केला म्हणून वेगळा दिवाणी दावा लावता येतो, आणि तेव्हा पहिला प्रश्न हाच येणार की कळल्यावर तुम्ही काय केलंत आणि किती दिवसांनी. सरांच्या वकिलाला ट्रस्टमधून एक रुपया देऊ नका. तुमचं रजिस्ट्रेशन पब्लिक ट्रस्ट अॅक्टखाली असेल, चॅरिटी कमिशनरपुढे त्या खर्चाचं उत्तर ट्रस्टींना द्यावं लागेल. आणि ट्रस्टचा वकील वेगळा, सरांचा वेगळा, कारण उद्या दोघांचं हित एकमेकांच्या विरुद्ध जाणार आहे.

धर्मशिक्षण वर्गवाली:
मी पण बरीच वर्षं वर्ग घेते, वाचून पोटात गोळा आला. सेक्रेटरी साहेब, त्या लेकराला सरांसमोर बसवायचा विचारसुद्धा करू नका. तिने एकदा आईला सांगितलं तेवढं पुरे, बाकीचं विचारायला कायद्याने वेगळी पद्धत ठेवलीय, जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो बाई अधिकारी आणि गणवेश न घालता. दहा जणांनी दहा वेळा विचारलं की पोर गोंधळते आणि मग कोर्टात म्हणतात हिचं बोलणं बदलतंय. आईला एकटं सोडू नका, १०९८ ला फोन करता येतो, बाल कल्याण समितीकडून केससाठी मुलीबरोबर राहायला सपोर्ट पर्सन मिळते. आणि तिचं नाव कौन्सिलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं असेल तर आता लगेच थांबवा, ओळख उघड करणं हा पण गुन्हा आहे.

बोरिवलीकर:
एक शंका, कुणी हेच कन्फेशनमध्ये सांगितलं असतं तर? फादर तर बोलू शकत नाहीत ना.

अॅडव्होकेट ताई:
चर्चच्या कायद्यात पापनिवेदनाचं गुपित फोडता येत नाही हे खरं. पण आपल्या साक्ष कायद्यात नवराबायकोला आणि वकिलाला जसं संरक्षण लिहून दिलंय तसं धर्मगुरूला दिलेलं नाही, आणि पॉक्सोतही सूट नाही. इथे तो प्रश्नच येत नाही, आई मिस्सानंतर सेक्रेटरीशी बोलल्या. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या नियमांतही लिहिलंय की देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवायची जबाबदारी आहे तशीच राहते. बिशप हाऊसला जरूर कळवा, पण पोलिसांऐवजी नाही.

नालासोपारा_१:
माझ्या नात्यातल्या एकावर अशीच केस झाली होती, तो नंतर सुटला, म्हणून सरांच्या घरच्यांसाठी लिहितो, त्यांनाही वकील हवाच. सरांनी मुलीच्या घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, ते धमकी म्हणून अंगाशी येतं. मोबाईलमधलं काही डिलीट करायचं नाही, पुरावा नष्ट केला म्हणून वेगळं कलम लागतं. लगेच स्वतःचा वकील करून अटकपूर्व जामिनाचं बघायचं. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क आहे. पॉक्सोत कोर्ट आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरतं हे खरं, पण मूळ घटना आधी सरकारी पक्षाला दाखवावी लागते. कौन्सिलने "ते असं करणारच नाहीत" असं लेखी देऊ नये आणि "तेच दोषी" असंही नको.

वसईचा सेक्रेटरी:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी फादरांना हे सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले चल मी पण येतो. आईला घेऊन आम्ही गेलो, एफआयआर झाला. आता मला साक्षीदार करतील म्हणे. मी काय जपून ठेवू?

अॅडव्होकेट ताई:
खूप चांगलं केलंत. एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते, आईंना घ्यायला सांगा. वर्गाचं हजेरीपत्रक, सरांना नेमल्याचं पत्र किंवा ठराव, वर्ग बंद केल्याची तारीख, भावाच्या फोनची कॉल लिस्ट हे सगळं आहे तसं ठेवा, मागाहून काही लिहून घालू नका. सीसीटीव्ही असेल तर आजच पोलिसांना लेखी द्या की ते जप्त करा, कारण जुनं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. भावाचा फोन आला तर उचलू नका, आणि धमकीचं काही बोलला तर त्याच तपास अधिकाऱ्याला कळवा. मुलीचा मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होईल, त्या दिवशी आईबरोबर धर्मग्रामातलं एखादं बाईमाणूस पाठवा, कौन्सिलमधलं कुणी पुरुष नको.